मुलांकडे बघून

कर्जतहून पहाटेची लोकल धरणारा माणूस शंभर किलोमीटर कापून सीएसएमटीला उतरतो, दिवस भरतो आणि रात्री तेवढंच अंतर उलटं कापून घरी येतो. दिवसाचे चार-साडेचार तास गाडीतच जातात. खोपोलीकराला त्यात पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी आणखी. घाटकोपर-डोंबिवलीचं भाडं परवडेना म्हणून कितीतरी कुटुंबांनी कर्ज काढून इकडे वन बीएचके घेतला. घर हक्काचं झालं. पण दोघंही जागे आणि समोरासमोर, असा वेळ जेमतेम तासाभराचा उरला. त्यात बोलणं व्हायचं ते फीचं, हप्त्याचं, मेंटेनन्सचं, पोराच्या खोकल्याचं.

शनिवार-रविवारी फार्महाऊसवर येणाऱ्या गाड्यांकडे बोट दाखवून आपल्याकडे म्हणतात, लग्नाबाहेरची नाती ही सगळी मुंबईची थेरं. मला ते पटत नाही. आपल्याच बिल्डिंगमध्ये, आपल्याच जिन्यावर हे चालू असतं. आणि मी जे जवळून पाहिलं, त्यात रूपाचा मोह फारसा नव्हता. एका ओळखीच्या बाईला गाडीच्या ग्रुपमधल्या एकाने विचारलं होतं, ‘आज चेहरा उतरलाय, जेवलीस का?’ घरात कित्येक वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. पुढे जे झालं त्यात तिने नवऱ्याला फसवलं, हे ती स्वतःच म्हणते. मीही ते झाकणार नाही. फक्त तिच्या नवऱ्याचंही त्याआधी ‘बाहेर’ होतं. त्यावर शेजारी चार दिवस कुजबुजले. तिचं कळलं तेव्हा माहेरी फोन गेले, भावकी बसली.

हा दुटप्पीपणा जुना आहे. भारतीय दंडसंहितेच्या कलम ४९७ प्रमाणे दुसऱ्याच्या बायकोशी संबंध ठेवणारा पुरुष गुन्हेगार होता, पण तिच्या नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच नव्हता! बायकोला मात्र आपल्या नवऱ्याविरुद्ध या कलमाखाली दाद मागता येत नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ ला ते कलम रद्द केलं. व्यभिचार घटस्फोटाचं कारण म्हणून आजही धरला जातो, तुरुंग तेवढा गेला. बाई नवऱ्याच्या मालकीची, ही समजूत मात्र भावकीच्या बैठकीत अजून ठाण मांडून आहे.

याच महाराष्ट्रात अनेक जातींमध्ये काडीमोड होती. पंचांसमोर काडी मोडायची, देणंघेणं मिटवायचं आणि बाई पाट लावून दुसरा संसार मांडायची. त्या पंचायतीही पुरुषांच्याच होत्या, त्यांचे मला गोडवे गायचे नाहीत. पण जमत नाही, हे चारचौघांत सांगण्याची एक रीत होती. रूढीने होणारा असा घटस्फोट १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानेही रद्द केला नाही. पांढरपेशा होताना ती रीत आपणच कमीपणाची ठरवली आणि तिच्या जागी काहीच ठेवलं नाही. म्हणून आता असमाधान गाडीत बोललं जातं, मोबाइलवर बोललं जातं. ज्याच्याशी बोलायचं त्याच्यापाशी तेवढं निघत नाही.

‘मुलांकडे बघून राहतोय,’ असं दोघंही सांगतात. त्या बाईची सहावीतली मुलगी मला म्हणाली, ‘आईबाबा गप्प झाले की मी टीव्हीचा आवाज वाढवते. भांडायला लागले की कमी करते, म्हणजे खालच्या काकूंना वाटायला नको की आम्ही मुद्दाम वाढवला.’ फोन पालथा कुणाचा असतो, गॅलरीत जाऊन कोण बोलतं, हे सगळं तिला ठाऊक होतं. तिच्याकडे बघून राहणाऱ्या दोघांनी तिला मात्र एकदाही काही विचारलं नव्हतं.

मी हे तिच्या आईला सांगितलं. ती रडली नाही. त्याच रविवारी तिने नवऱ्याला टीव्ही बंद करायला लावला आणि मुलीला खोलीबाहेर न पाठवता बोलायला सुरुवात केली. संसार टिकला नाही. दोघांनी संमतीने अर्ज केला. मुलगी आईकडे राहते, बाबा सुट्टीच्या दिवशी कल्याणहून येतो, आणि त्या घरात आता टीव्ही कमीच लागतो.