अळणावरचा माळ

धारवाडहून लोंढ्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की अळणावर यायच्या थोडं आधी हवा बदलते. काळ्या रानाची सपाटी मागे पडते, माती लाल होते आणि सागवानाची झाडं दिसू लागतात. दांडेलीकडे जाणारा रेल्वेचा फाटा इथूनच फुटतो. गावात कन्नड, मराठी, उर्दू, कोंकणी सगळंच कानावर पडतं. हे माझं आजोळ. शाळेच्या सगळ्या सुट्ट्या इथेच गेल्या.

तेव्हा गावाबाहेर एक मोकळा माळ होता. पावसाळ्याआधी तिथे घिसाड्यांची पालं पडायची. भाता चालायचा, ऐरणीवर घण पडायचे. आजी जुनी खुरपी, कोयते आणि स्वयंपाकघरातली विळी पिशवीत घालून मला बरोबर न्यायची. पैसे थोडे आणि जोंधळे जास्त, असा व्यवहार. पाणी आमच्या विहिरीवरून न्यायचे. पेरण्या सुरू झाल्या की एके सकाळी माळ रिकामा दिसायचा. सगळं गोड होतं असं नाही. कुणाची कोंबडी हरवली तरी पहिला संशय पालांवर जायचा. पण उतरायला जागा होती.

यंदा मे महिन्यात गेलो, तर माळावर प्लॉट पडलेले. गटाराच्या कडेला चार पालं दिसली. मामा म्हणाले, "आता कुठं उतरतील रे ती? सगळ्याला कुंपण झालंय की."

मी एक विळी घेतली. धार लावणाऱ्या बाईंना विचारलं, "किती दिवस मुक्काम?"

"हाकलस्तवर, दादा. मागल्या गावात दुसऱ्याच दिवशी उठवलं. ऐरण उचलून चालायचं म्हंजे सोपं हाय व्हय?"

मला उत्तर देता आलं नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीशेजारच्या रिकाम्या जागेत अशीच पालं पडली होती. धूर येतो, उघड्यावर घाण होते, अशी तक्रार फोटोसह ॲपवर टाकणारा मीच होतो. तिसऱ्या दिवशी जागा मोकळी झाली आणि मोबाईलवर 'तक्रार निकाली' असा संदेश आला. ती माणसं पुढे कुठे गेली, हा प्रश्न तेव्हा मला पडलाच नाही.

परतताना हुबळीत उतरलो. तिथे एका वस्तीला अजून 'सेटलमेंट' म्हणतात. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. भटक्या जमातींतल्या माणसांना जन्मानेच गुन्हेगार ठरवून अशा वसाहतींत ठेवलं गेलं. रोजची हजेरी सक्तीची, बाहेर जायला परवाना. हा कायदा १९५२ साली रद्द झाला. म्हणजे सरकारने या लोकांना जागा दिली तीही कुंपणातली, आणि कुंपण सुटल्यावर पुन्हा 'चला, उठा' सुरू झालं.

कामानिमित्त वर्षभर इंग्लंडमध्ये लीड्सला होतो. तिथेही जिप्सी आणि ट्रॅव्हलर कुटुंबांच्या गाड्या मोकळ्या जागी येऊन थांबतात आणि आसपासचे लोक नाराज होतात. १९६८ च्या एका कायद्याने त्यांच्यासाठी तळ उभारणं हे स्थानिक संस्थांचं कर्तव्य ठरवलं होतं. १९९४ साली ते कर्तव्य काढून टाकलं. पुढे लीड्सच्या कौन्सिलने वेगळी वाट धरली. आलेल्या कुटुंबांशी बोलून जागा आणि मुदत ठरवायची. कौन्सिलने कचऱ्याचे डबे आणि तात्पुरती शौचालयं द्यायची, कुटुंबांनी स्वच्छता राखायची. कोर्टकचेरी आणि हाकलण्याचा खर्चही त्यामुळे वाचला.

आपल्याला हे अवघड का वाटावं? आपल्याकडे अतिक्रमण हटवायला कलम असतं, गाडी असते, माणसं असतात. पण आठवडी बाजाराला जागा, वार आणि पावतीही ठरलेली असते. जत्रेसाठी चार दिवसांचे नळ बसतात. तसाच गावाच्या कडेला एक तुकडा, एक नळ, दोन शौचालयं आणि पंधरा दिवसांची पावती का नको? ज्यांना कायमचं घर हवं, त्यांची मागणी वेगळी आणि मोठी आहे. पण जे फिरून पोट भरतात, त्यांना निदान उद्या सकाळपर्यंतची खात्री तरी मिळेल. आणि तक्रार करणाऱ्यांच्या धुराचा, घाणीचा प्रश्नही त्यातच सुटेल.

गेल्या महिन्यात सोसायटीच्या सभेत मी हा विषय काढला. पालं पुन्हा आली तर तक्रारीऐवजी नळ आणि शौचालय मागणारा अर्ज द्यावा, असं सुचवलं. बराच वाद झाला. "उद्या ते तिथेच राहिले तर?" असंही कुणी विचारलं. शेवटी अर्जावर माझ्याशिवाय दोघांनी सह्या केल्या.

अळणावरची विळी रोज वापरात आहे. धार अजून चांगली आहे.