आणखी एक बिऱ्हाड

दिवाळीच्या आवराआवरीत प्रत्येक घरात दोन तट पडतात. एक टाकणाऱ्यांचा आणि दुसरा ठेवणाऱ्यांचा. मी जन्मजात दुसऱ्या तटातला. त्यामुळे यंदा वसुबारसेच्या आदल्या दिवशी आमच्या संगणकाने 'जागा संपली' असे जाहीर केले, तेव्हा तो शत्रुपक्षाला फितूर झाला असे मला वाटले.

"अहो, मग पुसून टाका की काहीतरी!" सौभाग्यवती चकलीच्या सोऱ्यामागून म्हणाली.

पुसायचे काय? लग्नामुंजींची छायाचित्रे? नातीचे बाळपण? की माझ्या आईच्या बत्तीस कॅसेटी? १९८७ साली मी हौसेने आईचे बोलणे टेप केले होते. गेल्या वर्षी ते सारे संगणकात उतरवले. तासाभराच्या बोलण्याला सुमारे ६०० मेगाबाइट जागा लागली. मूळ फिती त्यानंतर बुरशीने गेल्या. आईचा आवाज उरला तो एवढाच.

"आजोबा, काही पुसू नका," नात म्हणाली. "आपण आत आणखी एक एसएसडी बसवू."

आमचा संगणक जेमतेम पानाच्या डब्याएवढा. त्यात दुसरे बिऱ्हाड कुठे राहणार? पण नवी डिस्क निघाली चिक्कीच्या पट्टीएवढी. २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब. १९५६ साली आयबीएमने आणलेल्या पहिल्या डिस्कयंत्रात ५० भल्यामोठ्या तबकड्या गरगरत. वजन टनाहून अधिक, आणि मावत सुमारे ५० लाख अक्षरे. आईची एक कॅसेटही तिथे राहिली नसती. इथे फिरणारे काहीच नाही. चिपच्या सूक्ष्म कप्प्यांत विजेचा भार कोंडून ठेवायचा, एवढाच कारभार.

मात्र पट्टी खाचेत शिरली म्हणजे संसार जमला असे नव्हे. या पट्ट्यांच्या जाती दोन, साटा आणि एनव्हीएमई. दिसायला जुळ्या बहिणी, पण बोली निराळी. आपल्या खाचेला कोणती बोली कळते, हे आधी माहितीपुस्तिकेत पाहावे लागते. ते नातीने पाहिले होते.

यंत्र बंद करून वायर काढली. अंगात साठलेली वीज चिपला बाधते, म्हणून नातीने मला आधी डब्याच्या उघड्या धातूला हात लावायला लावला. सोवळ्याचा हा नवा प्रकार मी निमूटपणे पाळला. मग पट्टी तिरपी धरून खाचेत सरकवली, हलकेच आडवी दाबली आणि तिच्या टोकाशी ज्वारीच्या दाण्याएवढा स्क्रू आवळला. तो त्याआधी दोनदा पडला होता. दुसऱ्यांदा तो चकलीच्या परातीशेजारी सापडला, त्यावरचे भाष्य येथे देत नाही.

यंत्र सुरू केले, तर नव्या डिस्कचा पत्ताच नाही!

"नुसती बसवून चालत नाही, आजोबा. तिची नोंद करायची, तिला नाव द्यायचं."

नव्या सुनेचे नाव तांदळात लिहितात, तसेच हे. मी उत्साहाने यादी उघडली आणि फॉरमॅटची आज्ञा देणार, तोच नात ओरडली, "थांबा! ती जुनी आहे. आकडा बघा!"

जुनीपुढे २३८ होते, नवीपुढे ९३१. डबीवर तर एक टेराबाइट छापलेले. पण विकणारा हजाराच्या हिशेबाने मोजतो आणि यंत्र १०२४ च्या. तो हिशेब मला ठाऊक नव्हता, म्हणून मी गोंधळलो. एका बोटाच्या दाबाने आईच्या बत्तीस दुपारी कोऱ्या झाल्या असत्या. माझा हात थरथरू लागला. पुढचे सारे नातीने केले.

"आणि एका जागी भरवसा ठेवू नका," ती म्हणाली. "वीज न मिळता वर्षानुवर्षं पडून राहिली, तर हीसुद्धा विसरते." म्हणून आता एक प्रत या डब्यात, एक बाहेरच्या डिस्कवर आणि एक नागपूरला माझ्या बहिणीकडे.

सगळे उतरले का, हे पाहायला नातीने मधलीच एक कॅसेट लावली. तिने पणजीला कधी पाहिले नव्हते. दाणे निवडल्याचा आवाज आला, सूप पाखडले गेले, आणि आईचा खणखणीत आवाज घरभर घुमला :

"अरे, केवढा हा पसारा! टाकून दे की काहीतरी!"

स्वयंपाकघरातला सोऱ्या थांबला.

"ऐकलंत ना?" सौभाग्यवती म्हणाली.