सुरांचा शेजार

एका सुरामागून दुसरा सूर यावा, ही आपल्या कानाची पिढीजात सवय. आमच्या घरी पेटी आली ती भजनासाठी आणि नाट्यपदांसाठी. चाल ऐकावी आणि बोटांनी ती शोधून काढावी, एवढेच तिचे व्याकरण. तीन सूर एकदम दाबण्याचा प्रसंग तिथे कधी येत नसे.

वास्तविक गोव्यात ही दुसरी वाट शेजारच्याच वाड्यावर नांदत होती. पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या पाठशाळांतून मुलांना सोल्फेज व व्हायोलिन शिकवीत. मांडो गाताना दोन आवाज एका सुराआड एक असे अंतर राखून जोडीने चालतात. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, तसेच सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारख्या गोमंतकीयांनी तर मुंबईच्या हिंदी चित्रगीतांमागे स्वरमेळाची भरजरी किनार उभी केली.

माझा नातू गिटार घेऊन बसू लागला आणि घरातल्या दोन खोल्यांत दोन संगीते नांदू लागली. त्याला सरगमीत गोडी नव्हती, मला कॉर्ड उमगत नव्हते. सुरांतले हे अंतर हळूहळू माणसांतले झाले असते. म्हणून सत्तरीच्या उंबरठ्यावर मी त्याचा शिष्य झालो.

किल्ली मात्र सापडली तंबोऱ्यात. खर्जाची तार छेडून कान लावला, तर तिच्यातून गंधार उमटतो. तो कुणी मिळवलेला नसतो; म्हणूनच त्याला स्वयंभू म्हणतात. षड्ज, गंधार आणि पंचम यांचा हा मेळ म्हणजेच पाश्चात्त्यांचा मेजर कॉर्ड. त्यांच्या कंपनांचे प्रमाण ४:५:६. पेटीचा गंधार याहून किंचित चढा असतो, तरी ओळख पटते.

नातवाने मग तीन घरे दाखवली : सा-ग-प, म-ध-सा आणि प-नी-रे. बिलावलाचे सातही सूर यांत सामावतात. चाल गंधारावर विसावली तर षड्जाचे घर, मध्यम-धैवतावर विसावली तर मध्यमाचे, ऋषभ-निषादावर विसावली तर बहुधा पंचमाचे. षड्ज आणि पंचम मात्र दोन-दोन घरी नांदतात. तिथे निवाडा कानानेच करायचा.

"आजोबा, चाल सोडा, सर्वांत खालचा सूर गुणगुणा," तो म्हणे. तसे केले की मेळ कुठे बदलला ते कळू लागते. पंचमाच्या मेळातल्या निषादाला षड्जाची अशी ओढ असते, की तो घरी पोहोचताच समेवर आल्याचे समाधान मिळते. मेळातला गंधार कोमल झाला, की तेच घर सांजावल्यासारखे भासते.

रागाला कॉर्ड जोडू नयेत, हे माझे मत अजूनही कायम आहे. रागात षड्ज अचल असतो आणि त्याच्या आधारावरच मींड फुलते. कॉर्डांच्या संगीतात पायाखालची जमीनच जागा बदलते. पण दोन्हीकडे कानाला एकच प्रश्न विचारायचा असतो : घर कुठे आहे?

हल्ली दिवेलागणीनंतर आम्ही पांढरी एकचा षड्ज धरून बसतो. तो एखादी चाल छेडतो. मेळ बदलला, की मी डोळे मिटून म्हणतो, "मध्यम." तो म्हणतो, "एफ." दोघेही बरोबर असतो.