आधी पुसून बघ

मी कॅमेऱ्यांवर काम करतो म्हटलं की लोक मेगापिक्सेल विचारतात. मोबाइलच्या दुकानात लागलेली सवय. कारखान्यातल्या कॅमेऱ्याचा खरा घोळ मागच्या केबलपासून सुरू होतो.

नागापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात (जिल्हा कागदोपत्री आता अहिल्यानगर, बोलण्यात अजून नगरच) आम्ही लोखंडी रिंगा तपासायची यंत्रणा बसवली. तिथला लाइन-स्कॅन कॅमेरा एका वेळी एकच ओळ टिपतो, ४०९६ बिंदूंची. सेकंदाला २०,००० ओळी. बिंदूला एक बाइट धरला तरी सेकंदाला आठ कोटींहून जास्त बाइट झाले. हा लोंढा प्रोसेसरला फारसा त्रास न देता थेट मेमरीत ओतायचं काम फ्रेम ग्रॅबर नावाचं कार्ड करतं. पट्ट्याच्या रोलरवर एन्कोडर असतो. त्याचे ठोके कार्डाला मिळतात आणि ठोक्यागणिक एक ओळ घेतली जाते. पट्टा मंदावला तरी गोल रिंग लांबुळकी दिसत नाही, ती यामुळे.

व्हिडिओ कॉलमध्ये एखादी फ्रेम गळली तर कुणाला कळतही नाही. इथे एक गळली आणि मोजणी त्यावरच चालत असेल, तर पुढच्या प्रत्येक रिंगेचा निकाल शेजारणीच्या माथी बसतो. हवेचा झोत चांगली रिंग उडवतो, तडकलेली निमूट खोक्यात जाते. पडद्यावर मात्र सगळं हिरवं. म्हणून मला वेगापेक्षा फ्रेमला क्रमांक देणारं कार्ड महत्त्वाचं वाटतं.

उजेडाचंही तसंच. साध्या चोकची ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. आपल्या डोळ्याला पत्ता नसतो. या कॅमेऱ्याच्या चित्रात दर २०० ओळींनी एक काळपट पट्टा येतो. त्यासाठी डीसीवर चालणारे एलईडी लावले.

पण ते कुठल्या कोनात लावायचे हे कुठल्याच मॅन्युअलमध्ये नव्हतं. ते तपासणीवरच्या मावशींनी दाखवलं. त्या रिंग डोळ्यांसमोर धरत नसत, जवळजवळ आडवी करत. तिरप्या उजेडात चीर चमकून उठते. आम्ही दिवे खाली, रिंगेच्या पातळीला आणले आणि आठवडाभर न दिसणारी चीर काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी रेघ होऊन आली. कुठली रिंग बाद, कुठली चालेल, हे शेकडो चित्रांवर त्यांनीच सांगितलं. त्यावरच सॉफ्टवेअर शिकलं.

एका गोष्टीला मात्र आमच्याकडे उत्तर नव्हतं. तेलाचा ओघळ आणि चीर चित्रात सारख्याच दिसत. "अरे दादा, आधी पुसून बघ की," मावशी म्हणाल्या आणि अंगठा फिरवून रिंग पुढे केली. ओघळ गेला होता. मी मीटिंगमध्ये रिंगा धुऊन घ्यायचा प्रस्ताव मांडला, तो खर्चामुळे बारगळला.

तपासणीच्या टेबलावर चौघी होत्या. यंत्रणा सुरू झाल्यावर तिघींना ठेकेदाराने पॅकिंगला पाठवलं. तिथलं काम रोजचं नसतं. प्रस्तावातला 'मनुष्यबळ बचत' हा रकाना माझ्याच लॅपटॉपवर भरला होता, आणि तो भरताना आकडा तीनच होता. मावशी राहिल्या, बाद रिंगांच्या ट्रेपाशी. झोताने उडवलेली रिंग उचलतात, अंगठ्याने पुसतात, आडवी धरतात, आणि बऱ्याचशा परत पट्ट्यावर सोडतात.

त्या सोडलेल्या रिंगांची नोंद आमच्या सॉफ्टवेअरमध्ये कुठेच होत नाही. पुढच्या आवृत्तीत एक बटण द्यायचं ठरलंय, त्यांच्या डाव्या हाताला. उजवा मोकळा लागतो.