प्रबंधाचा पहिला हिशेब

आमच्या घरात एम.टेक.चा प्रबंध लिहिणारी लेक पहिलीच. तिने विषय घेतला काँक्रीट. मार्गदर्शक सर म्हणाले, "हा विषय नव्हे, डोंगर आहे." शेवटी ठरले : नदीच्या वाळूऐवजी क्रश सँड घातली तर मजबुती किती राहते, एवढेच पाहायचे.

आम्ही कारकून माणसे. स्थापत्य कळत नाही, तारखा कळतात. 150 मिलिमीटरचे क्यूब 28 दिवस पाण्यात ठेवून मग मशीनवर फोडायचे. मिश्रण बिघडले की महिना गेला! आणि गेटची शिष्यवृत्ती जास्तीत जास्त 24 महिन्यांची. म्हणून आम्ही तिला वही आखून दिली : क्यूबचा क्रमांक, ओतल्याची तारीख, फोडण्याची तारीख.

बंधुभगिनींनो, मुले प्रबंधाला बसली की "कधी संपणार?" विचारू नका. आज वहीत काय लिहिले, ते विचारा.