एल शेपचा सोफा

तर झालं असं, की नवीन घरात येऊन वर्ष झालं तरी आमच्या हॉलमध्ये बसायला चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि एक गादी, एवढंच होतं. कारण सोपं आहे. आमचा हॉल. सोळा बाय दहा. त्यात तीन दारं (मुख्य, किचनचं आणि गॅलरीचं) आणि ज्या एकाच कोपऱ्यात दार नाही, तिथे बिल्डरने नऊ इंच पुढे आलेला खांब दिलाय. फुकट!

बायकोला मात्र एल शेपचाच सोफा हवा होता. सगळे एकत्र बसून पिक्चर बघतायत वगैरे. मी इंजिनिअर. मी एक्सेल शीट काढली. भिंती मोजल्या, लिफ्टचं दार मोजलं, जिन्याचं वळण मोजलं. जमिनीवर जुने पेपर चिकटवून सोफ्याचा आकार काढला आणि दोन दिवस आम्ही त्या कागदी सोफ्याला वळसा घालून चहा नेत होतो. दुकानदार ‘लेफ्ट’ म्हणतो ते बसणाऱ्याचं की समोर उभं राहून बघणाऱ्याचं, हेसुद्धा लिहून घेतलं. (ऑफिसात अशा रिक्वायरमेंट्स मिळाल्या असत्या तर अजून काय हवं होतं!)

शेवटी एक सोफा दोघांनाही आवडला. राखाडी, खोल, मऊ. बसलं की आत रुततोच माणूस. पैसे भरायच्या आधी सहज म्हणून बाबांना दाखवायला नेलं. ते डोळ्यांच्या चेकअपसाठी सांगलीहून आले होते.

बाबा बसले. "छान आहे रे," म्हणाले.

मी आणि बायको कापडाचे रंग बघायला गेलो. परत आलो तरी बाबा तिथेच. हाताने शिवण चाचपत होते, उशी उलटून बघत होते. बाबांना शिवणीत कधीपासून इंटरेस्ट? मग लक्षात आलं. त्यांना उठता येत नव्हतं. दुकानातल्या पोराने हात पुढे केला, तर "थांब रे, बघतोय मी," म्हणाले. मग पुढे सरकत, सरकत, गुडघ्यावर हात रेटून उठले. आणि मला म्हणाले, "घ्या हाच."

मी टेप काढला. सीटची उंची पंधरा इंच. माझ्या शीटमध्ये हा कॉलमच नव्हता.

रात्री आईला फोन करून सांगलीच्या घरातली बाबांची लाकडी खुर्ची मोजायला लावली. "काय खुळ्यासारखं," म्हणत तिने मोजली. अठरा इंच. आणि दोन्ही बाजूंना हात. वर हेही कळलं की बाबा गेले सहा महिने जमिनीवर जेवायला बसत नाहीत. मला कोणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं म्हणा.

मग एका कारागिराकडून सोफा बनवून घेतला. सीट अठरा इंच उंच, एकवीस इंच खोल. फोम चाळीस डेन्सिटीचा, म्हणजे रुतायला नको. खांबासाठी मागून खाच. गॅलरीकडच्या टोकाला भक्कम लाकडी हात, रेटून उठता येईल असा. बजेट बोंबललं आणि बायकोला हवं होतं तसं लोळता येत नाही. पण तो लाकडी हात ही तिचीच आयडिया.

गेल्या शनिवारी बाबा परत आले. बरोब्बर त्या टोकाला बसले, पेपर वाचला, आणि चहाची हाक आल्यावर उठून आत गेले. बस्स, उठले. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

चहा पिताना म्हणाले, "दुकानातला तोच ना रे हा?"

"हो बाबा, तोच."

"वाटलंच. तिथे उगीच जरा खाली वाटला होता."

बायको हसू दाबत किचनमध्ये गेली. असो.