युरोपहून खानदेशाकडे, मोटारीने

धुळे ही खानदेशाची चौफुली. येथून जाणारा मुंबई-आग्रा रस्ता आशियाई महामार्ग ४७ आहे, तर जळगावमार्गे नागपूरला जाणारा आशियाई महामार्ग ४६. ग्वाल्हेरवरून आग्रा गाठले की महामार्ग १ लागतो. तो थेट तुर्कस्तान-बल्गेरिया सीमेला भिडतो. म्हणजे युरोपात स्थिरावलेल्या आपल्या मुलांना मोटारीने घरी आणणारा रस्ता नकाशावर सिद्ध आहे.

परंतु नकाशा म्हणजे परवाना नव्हे. पाकिस्तान-अफगाणिस्तानमधील टप्पा कुटुंबाने टाळावा असाच आहे. २०१६ मध्ये भारुलता कांबळे ब्रिटनहून एकट्याने मोटार चालवत भारतात आल्या, त्या म्यानमारमार्गे मणिपुरात. आज म्यानमार अशांत आहे. उरतो तो कझाकस्तान, चीन, तिबेट, नेपाळ हा मार्ग. चीनमध्ये स्थानिक मार्गदर्शक व तात्पुरता वाहनपरवाना लागतो. नेपाळ आणि भारतासाठी ‘कार्ने’ हवे. मोटार मुदतीत देशाबाहेर नेऊ, अन्यथा सीमाशुल्क भरू, अशी ती हमी. पतीवर व्यवहार करणाऱ्या आपल्या घरांना तिचे मोल वेगळे सांगायला नको.

निघण्याचा काळही विचारपूर्वक ठरवावा. पावसाळ्यात नेपाळच्या घाटांत दरडी कोसळतात, हिवाळ्यात तिबेट गोठते. संवत्सरीनंतर निघाल्यास दिवाळीपर्यंत सुमारे ५५ दिवस मिळतात. सेंधव्यापुढे बिजासन घाट उतरून तापी ओलांडावी, धुळ्याला डावीकडे वळावे; वहीपूजनाच्या मुहूर्ताला जळगावचे घर वाट पाहतच असेल.